सहा जिन्नस, दोन गोष्टी आणि एक तळं

शिकागोपासून दोनेक तासांवरचं लेक जिनिव्हा. श्रीमंतांच्या हवेल्या, चालत्या बोटीतून उड्या मारणारे पोस्टमन आणि ‘डन्जन्स ॲण्ड ड्रॅगन्स’चं जन्मगाव! मी मात्र तिथे गेले ते निकाल द्यायला...

बोट थांबतच नाही, मंडळी. अक्षरशः थांबत नाही! लाकडी धक्का जवळ येतो, बोटीचा वेग जरासा कमी होतो आणि कॉलेजातली वाटावी अशी एक मुलगी हातात पत्रांचा गठ्ठा घेऊन थेट धक्क्यावर उडी मारते. धावत जाऊन पेटीत पत्रं टाकते, पेटीतली उचलते, तशीच उलट धावते आणि बोट धक्क्यापासून सुटायच्या आत पुन्हा उडी! एक पाऊल चुकलं की सरळ पाण्यात. आम्ही सगळे टुरिस्ट टाळ्या वाजवतो. ती हसते, केस मागे सारते आणि पुढचा गठ्ठा उचलते.

टाळ्या मीही वाजवत होते. पण माझ्या मांडीवरच्या सॅकमध्ये दोन प्रिंटआऊट होते, सहा-सहा पानांचे. एकावर ‘अ’ लिहिलेलं, दुसऱ्यावर ‘ब’. संध्याकाळी सहापर्यंत त्यातल्या एकाला जिंकवायचं होतं आणि एकाला हरवायचं होतं. नावं काढून टाकलेली होती. तरी ‘अ’ कुणाचा असणार, हे मला सकाळीच कळून चुकलं होतं. आणि तिथेच सगळी गोची झाली होती.

आधी फण्डा समजून घ्या

‘स्ट्रेंजर थिंग्ज’मध्ये ती चार पोरं तळघरात टेबलाभोवती बसून कसला तरी गेम खेळत असतात, आठवतंय? तोच हा. स्क्रीन नाही, कन्सोल नाही. एक जण गेममास्टर होतो, बाकीचे चार-पाच जण एकेक पात्र घेतात. मास्टर म्हणतो, ‘दार आतून बंद आहे. आत कुणीतरी रडतंय. काय करताय?’ मग कुणी दार फोडतं, कुणी खिडकीतून शिरतं, कुणी बाहेरूनच गप्पा मारायला लागतं. जमलं की फसलं, ते फासे ठरवतात. चार तास कुठे जातात, कळत नाही.

मास्टर जी तयारी करून येतो तिला ॲडव्हेंचर म्हणतात. जागा कुठली, माणसं कोण, अडचण काय, कुणाला काय हवंय, हे सगळं त्यात असतं. नसतात दोनच गोष्टी : नायक आणि शेवट. त्या खेळणाऱ्यांनी आणायच्या. म्हणजे वाटण तयार, भाज्या चिरलेल्या, पण फोडणी घालणार पाहुणे! त्यामुळे ॲडव्हेंचर लिहिणं कथा लिहिण्यापेक्षा वेगळं आहे, आणि त्याला मार्क देणं तर त्याहून अवघड. न शिजलेला पदार्थ चाखून सांगायचं की कसा लागेल.

त्यात आमच्या ग्रुपची स्पर्धा म्हणजे ‘जिन्नस’वाली. आयडिया मूळची कुकिंग शोची. जपानच्या फुजी टीव्हीवर १९९३ मध्ये ‘आयर्न शेफ’ सुरू झाला. ऐन वेळी एक पदार्थ जाहीर करायचा आणि दोन शेफनी ठरलेल्या वेळात त्यावरच अख्खं जेवण उभं करायचं. गेमवाल्यांनी हा प्रकार बघता बघता आपलासा केला. ठरलेले तास, ठरलेले जिन्नस आणि लिहा ॲडव्हेंचर!

आमच्याकडे नियम असे : आठ जण, जोड्या पाडून बाद फेऱ्या. फायनलला सहा जिन्नस, ४८ तास आणि शब्दांची मर्यादा २०००. त्यावर एकही शब्द गेला तर जज तिथेच वाचणं थांबवणार. सहाही जिन्नस वापरायचेच. आणि नुसते वापरून भागत नाही.

हे ‘नुसते वापरून भागत नाही’ मला शिकवलं नाशिककरने.

नाशिककर

ऑफिसमधला माझा टीममेट. त्याचं खरं नाव इथे देत नाही, तो चिडेल. कंपनीने मला पुण्याहून शिकागोच्या सबर्बमध्ये क्लायंटकडे पाठवलं, तेव्हा नोव्हेंबर होता. दुपारी साडेचारला अंधार. शुक्रवारी संध्याकाळी घरी जाऊन वरण-भात लावायचा, घरी व्हिडिओ कॉल करायचा आणि झोपायचं. तिसऱ्या आठवड्यात हा माझ्या डेस्कपाशी येऊन म्हणाला, ‘फासे टाकता येतात का?’ मी म्हटलं, ‘सापशिडीचे.’ म्हणाला, ‘चालेल. ये.’

तिथे एक रिटायर्ड शाळा-लायब्ररियन होत्या, एक नर्स होती, एक ट्रक दुरुस्त करणारा होता, कॉलेजची दोन पोरं होती. मी जेमतेम बोलायचे. पण दर शुक्रवारी माझी खुर्ची ठेवलेली असायची. परदेशात एकटं राहून पाहिलं असेल तर त्या खुर्चीची किंमत तुम्हाला सांगायला नको.

पहिल्या वर्षी स्पर्धेच्या वेळी मी नाशिककरला विचारलं, ‘सहा शब्द तर आहेत, टाकायचे कुठेतरी. त्यात काय एवढं?’ तो म्हणाला, ‘काढून बघ. गोष्टीतून तो जिन्नस काढायचा आणि बघायचं. गोष्ट ढासळली, तर तो जिन्नस. नाही ढासळली, तर ती कोथिंबीर.’

आमटीतला गूळ दिसत नाही, पण नसला की पहिल्या घासाला कळतं. कोथिंबीर दिसते झकास, पण ती नसली म्हणून कुणी ताट परत पाठवत नाही. सॉलिड पटलं होतं मला!

गाव असं आहे

आता थोडं गावाबद्दल. गावाचं नाव लेक जिनिव्हा आणि तळ्याचं जिनिव्हा लेक. उलटसुलट केलंत की लोकल माणूस हसून दुरुस्त करतो. विस्कॉन्सिन राज्यात, इलिनॉयची हद्द ओलांडली की लगेच. १८७१ मध्ये शिकागो जळलं, तेव्हा तिथल्या बड्या घराण्यांनी इकडे धाव घेतली आणि काठावर हवेल्या उठल्या. च्युइंग गमवाले रिग्लीसुद्धा पुढे इथे आले. टपालबोटीची गंमतही जुनी. १९१६ पासून पत्रं पाण्यातून येतात. ‘वॉलवर्थ’ नावाची बोट उन्हाळ्यात रोज सकाळी निघते आणि आपण तिकीट काढून सोबत जाऊ शकतो.

पण माझ्या ग्रुपसाठी गावाची ओळख वेगळी. इथे गॅरी गायगॅक्स राहायचा. शिकागोच्या एका विमा कंपनीत अंडररायटर होता. कुणाचा धोका किती, याची गणितं मांडायचं काम. इथून शिकागोला अप-डाऊन करायचा. म्हणजे आपल्या बदलापूर-फोर्टवाल्यांची जातकुळी! सुट्टीत वॉरगेम्स. १९६८ मध्ये त्याने गावातला हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलर भाड्याने घेतला आणि शंभरेक गेमवेडे गोळा केले. तेच पहिलं ‘जेन कॉन’. पुढच्या वर्षी तिथेच त्याची भेट मिनेसोटाच्या डेव्ह आर्नेसनशी झाली.

१९७० मध्ये गायगॅक्सची नोकरी गेली. घरात बायको, पोरं. पठ्ठ्याने तळघरात चपला-बूट दुरुस्त करायला घेतले. आर्नेसनने तिकडे एक भन्नाट खेळ रचला होता : सैन्य बाजूला ठेवून प्रत्येकाने एकच माणूस व्हायचं आणि तळघरांत, भुयारांत उतरायचं. दोघांची डोकी एकत्र आली. शिक्षकांसाठी साहित्य विकणाऱ्यांकडून चार, आठ, बारा, वीस बाजूंचे फासे मिळाले. १९७४ च्या जानेवारीत ‘डन्जन्स ॲण्ड ड्रॅगन्स’चे हजार सेट निघाले, एका खोक्यात तीन छोटी पुस्तकं, किंमत दहा डॉलर. सेण्टर स्ट्रीटवरच्या त्या घराच्या तळघरात बसून घरच्या-दारच्यांनी ते जुळवले. वर्षाच्या आत संपले.

शनिवारी सकाळी बोटीवर जायच्या आधी मी ते घर पाहून आले. काही म्हणजे काही विशेष नाही. साधं लाकडी घर. आपण रस्त्यावरून बघायचं आणि पुढे जायचं. हॉल अजून आहे, पण जेन कॉन कधीच त्यात मावेनासं झालं. १९७८ मध्ये ते गावाबाहेर पडलं आणि २००३ पासून इंडियानापोलिसला भरतं. गायगॅक्स २००८ मध्ये याच गावात गेला. २००९ पासून त्याच्या आठवणीत इथे ‘गॅरी कॉन’ भरतं.

लायब्ररियनबाईंनी फायनल म्हणूनच या गावात ठेवली होती आणि जिन्नसही गावातूनच उचलले होते : न थांबणारी बोट, उसवलेला जोडा, दुसऱ्याच्या अंगणातून जाणारी वाट, गोठलेलं तळं, चुकीचा वारस आणि प्रामाणिक चोर.

‘अ’ आणि ‘ब’

‘अ’मध्ये गोठलेल्या तळ्याखाली, बर्फाच्या पोटातून एक बोट फिरते. तिच्यात मेलेल्या माणसांनी लिहिलेली, कधीच न पोचलेली पत्रं आहेत. बोट थांबत नाही. बर्फाला जिथे भोक आहे तिथून उडी मारायची आणि पुढच्या भोकातून बाहेर पडायचं. तेवढ्या वेळात एकच पत्र हाती येतं. कुणाचं आणायचं? एक प्रामाणिक चोर ती पत्रं पळवून ज्याची त्याला देतोय. पण एक पत्र चुकीच्या वारसाच्या हाती पडलंय आणि तो राजा व्हायला निघालाय. भाषा तर अशी की बोटीवर उन्हात बसून अंगावर काटा आला.

आणि त्या गठ्ठ्यात दोन पत्रं होती. निळी, न फोडलेली.

नाशिककरचे बाबा त्याच फेब्रुवारीत गेले. बर्फाच्या वादळात फ्लाइट रद्द झाली आणि हा घरी पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. परत आल्यावर एकदा कॉफी घेताना म्हणाला होता, ‘हॉस्टेलवर बाबा आंतर्देशीय पाठवायचे गं. त्यातली दोन मी फोडलीच नव्हती. पैशांबद्दल लेक्चर असणार म्हणून. आता ट्रंकेत सापडली.’ फोडलीस का, हे मी विचारलं नाही.

दोन आठवड्यांनी तो कायमचा परत चालला होता. आईसाठी. म्हणजे ही त्याची शेवटची फायनल.

‘ब’ त्यामानाने अगदीच साधं. स्पेलिंगच्या चुका, एक राक्षस उगाच घुसवलेला, शेवट घाईत. एक गाव, एक तळं. काठाने जाणारी वाट जमीनदाराच्या अंगणातून जाते. वर्षातून एकदा, तळं गोठायच्या आत कुणीतरी ती पूर्ण चालला, तरच ती गावाची राहते. दरवर्षी एक म्हातारा चांभार चालायचा. तो मेला. मागे राहिला त्याचा उसवलेला जोडा, तो घालून जो चालेल तो त्याचा वारस. मृत्युपत्रात पुतण्याचं नाव आहे. पण आलेला माणूस पुतण्या नाहीच, चोर आहे, आणि तो हे सगळ्यांना स्वतःच सांगतोय! आज रात्री तळं गोठणार. पलीकडे वेळेत पोचवणारी एकच बोट आणि ती थांबत नाही.

मी पेन काढलं आणि नाशिककरची परीक्षा सुरू केली. ‘ब’मधून जोडा काढला, गोष्ट गेली. वाट काढली, गेली. चोराला लबाड केलं, गेली. सहाच्या सहा!

‘अ’मधून बोट काढली, गेली. तळं, चोर, वारस, गेली. जोडा? तो राजाच्या खजिन्यात एका ओळीत पडलेला. काढला. काही झालं नाही. वाट? सगळे एका बागेतून जातात. काढली. काही नाही.

सहापैकी चार.

वाटेवर

बोटीतून उतरल्यावर मी लायब्ररियनबाईंना गाठलं आणि सांगितलं, ‘एक एण्ट्री कुणाची ते मी ओळखलंय. मी जज करणं बरोबर नाही.’ त्यांनी चष्मा वर केला. ‘कुणाची ते मला सांगू नकोस. निकाल नको, आधी कारणं लिही. कारणं मला पटली तर निकाल तुझा. नाही पटली तर मी देईन.’

मग मी काठाची वाट धरली. ही वाट म्हणजे या गावातली सगळ्यात भारी गोष्ट. तळ्याभोवती सुमारे ३४ किलोमीटर, आणि ती चक्क लोकांच्या अंगणांतून जाते! एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कुणाची तरी हिरवळ, कुणाचा स्विमिंग पूल, कुणाच्या खुर्च्या. आणि आपण मधून बिनधास्त चालायचं. प्रत्येक मालकाने आपापला तुकडा आपल्या हिशेबाने केलाय. इथे विटा, पुढे खडी, मग नुसतं गवत, मग गुळगुळीत फरशी. पायाखाली बदल झाला की समजायचं, शेजारी बदलला.

हवेल्यांच्या कितीतरी आधी इथे पोटावाटोमी लोक राहायचे. त्यांच्या वस्त्यांना जोडणाऱ्या पायवाटांवरूनच ही वाट जाते. १८३३ च्या शिकागो करारानंतर त्यांना ही जमीन सोडून जावं लागलं. वाट तेवढी राहिली.

एका बाकावर बसून मी ‘अ’ पुन्हा वाचलं. खरं सांगते, त्याला जिंकवणं सोपं होतं. भाषेसाठी जिंकवलं असतं तर कुणीही हूं की चूं केलं नसतं. जाता जाता त्याच्या हातात फाशांचा नवा सेट पडला असता, सगळे खूश. पण मला त्या टेबलावर ज्याने खुर्ची दिली, त्यानेच मला ही परीक्षा शिकवली होती. ती त्याच्यासाठीच सैल केली, तर मग मी तिथे नुसतीच पाहुणी. दर शुक्रवारी येणारी, सगळ्यांना छान छान म्हणणारी. कोथिंबीर!

समोरून एक आजोबा कुत्रा घेऊन आले, हॅलो म्हणाले, कुणाच्या तरी अंगणातून पुढे गेले. मी कारणं लिहायला घेतली.

सहा वाजता

भाड्याने घेतलेल्या कॉटेजच्या पडवीत सगळे जमले. लायब्ररियनबाईंनी माझी दोन पानं वाचली होती आणि काही न बोलता परत दिली होती. म्हणजे पटली होती. मी वाचायला लागले. दोन्ही एण्ट्रींचं आधी चांगलं, मग वाईट. ‘ब’चा राक्षस काढून टाका, हे लिहिलं होतं. ‘ब’मध्ये खेळणाऱ्यांना वाटेवरून ढकलत नेल्यासारखं होतं, त्यांना चोराच्या विरोधातही जाता यावं, हेही लिहिलं होतं. ‘अ’मधली बोट तीन वर्षांत वाचलेला सगळ्यात चांगला जिन्नस आहे, हे लिहिलं होतं. आणि मग जोडा आणि वाट.

नाशिककर तळ्याकडे बघत होता.

‘ब’ नर्सचं निघालं. नाइट शिफ्टच्या ब्रेकमध्ये लिहिलेलं. ती इतकी चकित झाली की आधी म्हणाली, ‘नक्की?’ नाशिककरने उठून तिच्याशी हात मिळवला. मग माझ्याकडून कागद मागून घेतले आणि शांतपणे दोनदा वाचले. बोलला काहीच नाही.

आमच्याकडे बक्षीस म्हणजे जिंकलेलं ॲडव्हेंचर त्याच रात्री खेळायचं. खेळलो. नाशिककर चोर झाला. रात्री एकच्या सुमाराला, तळं गोठायला लागलेलं असताना, त्याने न थांबणाऱ्या बोटीतून उडी मारली. वीस बाजूंच्या फाशावर चार पडले. पडला पाण्यात! त्या ट्रकवाल्याने त्याला ओढून बाहेर काढलं आणि उसवलेला जोडा घालून उरलेली वाट माझ्या पात्राने चालली. नर्सने राक्षस आणलाच नाही.

रविवारी परत येताना गाडी तो चालवत होता. हद्द ओलांडून इलिनॉयमध्ये शिरेपर्यंत आम्ही गाणी ऐकत होतो. मग त्याने आवाज कमी केला.

‘जोडा मी वरून टाकला होता,’ तो म्हणाला. ‘रात्रीचे तीन वाजले होते. मला माहीत होतं, कुणाला तरी सापडणार.’

‘वाट?’

‘वाटसुद्धा.’

थोड्या वेळाने म्हणाला, ‘घरी गेल्यावर फोडणार आहे ती दोन पत्रं.’

मी बरं म्हटलं. दोन आठवड्यांनी तो गेला. पुढच्या शुक्रवारी मी थोडी लवकर गेले आणि त्याची खुर्ची काढायच्या आत लायब्ररियनबाईंना सांगितलं, राहू दे. ऑफिसमध्ये नवीन आलेल्या एका साताऱ्याच्या मुलीला मी विचारून ठेवलं होतं, ‘फासे टाकता येतात का?’

जायचंय?

कसं जाल : शिकागोहून गाडीने दीड ते दोन तास. स्वतःची किंवा भाड्याची गाडी सगळ्यात सोयीची.

कधी जाल : टपालबोट पाहायची तर जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. सकाळची फेरी असते, तिकीट आधी काढा. गॅरी कॉनसाठी मार्च, पण तेव्हा थंडी असते, जॅकेट हवंच.

काय कराल : काठाच्या वाटेवर निदान दोन तास चाला. चांगले बूट घाला. वाट सगळ्यांची असली, तरी अंगण दुसऱ्याचं आहे. हिरवळीवर बसू नका, कचरा टाकू नका.

सोबत काय न्याल : फासे!